पिवळ्या फेट्यातली बाई

इकिरुन,
डिसेंबर २००८

प्रिय केहिंदे,

पत्र आधी वाच आणि पार्सल मग उघड, असं लिहिणार होते. पण तू कुठली ऐकायला, पार्सल उघडून बसलीही असशील. बरं. तर त्यात ब्लाउज एकच कसा, कमरेचं कापड एकच कसं, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. मी विसरलेली नाही. शेवटी सांगते.

फोन का केला नाही, हेही मनात येईल. खरं सांगू? मागे दोन-तीनदा मी "आवाज येत नाही गं, लाईन खराब आहे" म्हणून फोन ठेवला ना, तेव्हा लाईन चांगली होती. तू "आई" म्हणतेस ते अगदी तायवोसारखं म्हणतेस. मग मला पुढचं बोलायला सुचत नाही. घरात होतात तेव्हा मला तुम्ही दोघी पावलांच्या आवाजावरून वेगळ्या कळायच्या, पण फोनमध्ये पाऊल कुठे वाजतं? म्हणून लिहायला बसले. दुकानासमोर धूळ उडतेय, अंगावर पांढरा थर बसलाय, गिऱ्हाईक नाही. अबेनी आत्या डब्लिनला निघालेल्या एका बाईंकडे हे पोचवणार आहे.

आधी कामाचं. मागे तू म्हणाली होतीस, नाताळात तिकडे वस्तू स्वस्त होतात, तेव्हा एखादा छोटा कॅमेरा घेईन म्हणते. घेच. पण डोळे उघडे ठेवून घे. दुकानदार तुला आधी पिक्सेलचे आकडे ऐकवील. ऐकवू दे. गिऱ्हाइकाला कसं गुंडाळतात ते मला नको शिकवायला, मी जन्मभर कापड विकतेय. भिंतीएवढं चित्र करायचं असेल तर ते आकडे, आपल्याला वहीच्या पानाएवढं हवंय. झूमसुद्धा नीट विचारून घे. भिंग पुढे सरकून जवळचं दिसतं तेच खरं झूम. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा नुसतं चित्र ताणतो, आणि ताणलेलं कापड कसं विरळ होतं ते तुला माहीत आहे. साधे पेन्सिल-सेल चालतील असा बघ, म्हणजे कधी इकडे आणलास तर आमच्या विजेची वाट बघत बसायला नको. फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटते, ती बंद करता येते का ते आधी बघ आणि बंद कर. आणि एक सोय असायलाच हवी. बटण दाबून आपण समोर जाऊन उभं राहायचं आणि मग त्याने आपोआप फोटो काढायचा, ती. ती नसेल तर तो कॅमेरा फुकट दिला तरी घेऊ नकोस. फोटो काढायला दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही.

तू म्हणशील, आईला हे कुठून आलं? कुठून येणार. जेवताना समोर बसून तायवो दुसरं बोलायची काय? तू तिकडे गेलीस, त्यानंतर तिचा जम केवढा बसला होता ते तू पाहिलंच नाहीस. लग्न असो, बारसं असो, म्हाताऱ्या माणसाचं मयताचं जेवण असो, गावात मांडव पडला की ही हजर. मोठे कॅमेरेवाले गळ्यात धोंडा बांधल्यासारखे कोपऱ्यात उभे, आणि ही मुठीत मावेल एवढा कॅमेरा घेऊन बायकांच्या मधून सुळकन पलीकडे. लोक जेवायला बसले की ही मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून ओसोग्बोला. तिथे मशीनवर फोटो छापून पाहुण्यांची पांगापांग व्हायच्या आत परत. मग फाटकाशी चादर अंथरून सगळे फोटो मांडायचे, आणि जो तो वाकून आपलं तोंड शोधतोय. एकदा एक बाई भडकली, मी एवढी जाड कुठे आहे म्हणून. तायवो शांतपणे म्हणाली, "मावशी, जाड तुम्ही नाही, तुमच्या ताटातला जोलोफ भात आहे." बाईने हसत हसत दोन प्रती घेतल्या.

तर असा तो तिचा छोटा कॅमेरा. तो आता अलामूकडे आहे, आपल्या बाजारपेठेतल्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे. सुरू केला की भिंग अर्धं बाहेर येतं, घरघरतं आणि तिथेच थांबतं. दुरुस्त होणार नाही म्हणतो. तरी मी अधूनमधून जाऊन सुरू करून बघते आणि अलामू बघू देतो.

इथे अजून सगळे म्हणतात, तायवो लागोसला गेली. जुळ्यांतलं एक गेलं की दुसऱ्याच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून आपल्यात तसं म्हणतात. तू आहेस पार आयर्लंडात, ऐकायला इथे कुणी नाही, तरी म्हणतात. माझ्याशीसुद्धा म्हणतात. मासे विकणारी परवा म्हणाली, "इया इबेजी, लागोसला गेलेल्या लेकीची आठवण येत असेल." येते म्हटलं. जुळ्यांची आई ही हाक काही कुणी बदललेली नाही.

एका लग्नाचे फोटो छापून परत येताना ओसोग्बोचा ओला रस्ता आणि समोरून आलेला ट्रक, एवढंच मला कळलं. माती द्यायला आम्ही गेलो नाही. लेकराची माती आईबापांनी बघायची नाही, जागासुद्धा विचारायची नाही. तुझे बाबा खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मी बाहेर भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासत होते. आत्याला जागा ठाऊक आहे. रोज माझ्यासमोर बसून ती चवळी निवडते, आणि तिला ठाऊक आहे आणि मला नाही. कधी कधी वाटतं तिचा हात धरावा आणि म्हणावं, सांग. धरत नाही. काय उपयोग.

तिची पिशवी मात्र घरी आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिने पोटाशी बांधली होती, त्यामुळे आतले फोटो कोरडेच्या कोरडे. त्या लग्नातले सगळे पाहुणे, हसणारे, खाणारे, नाचणारे. मी दारात चादर अंथरली आणि फोटो मांडले. ती मांडायची तसेच, कुणाच्या चेहऱ्यावर कुणाचा कोपरा येऊ न देता. लोक कित्येक दिवस येत राहिले, मान खाली घालून आपापला उचलत राहिले. सगळ्या गावाची तोंडं त्या पिशवीत होती, केहिंदे, आणि तिचं एक नव्हतं. जी फोटो काढते तिचा कोण काढणार? घरात शोध शोध शोधलं. तुमचा शाळेत जायच्या आधीचा एक आहे. तिच्या ओळखपत्रावरचा आहे, त्यावर शिक्का नेमका डोळ्यांवर बसलाय. आणि एका बारशातला आहे, त्यात ती मागच्या रांगेत उभी आहे आणि पुढच्या बाईचा फेटा एवढा फुललेला, की मागे फक्त तिचा एक कान दिसतो. मीच विकलेलं कापड ते. कडक राहतं, छान उभं राहतं, असं सांगून विकलेलं.

आता तायवोच्या मोरेनिकेचं ऐक, म्हणजे मी कशाने हैराण झालेय ते कळेल. चादरीवरचे सगळे फोटो गेले तरी एक उरला. पिवळ्या फेट्यातली कुणी बाई, हातात पंखा, नजर सरळ आपल्याकडे. कुणाची कोण, गावातलं कुणी ओळखेना. मी तो पिशवीत परत ठेवला. पोर पिशवीशी खेळायची, तिला ती पिशवी आईची म्हणून माहीत. एके दिवशी फोटो काढून माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "ही माझी आई." मी म्हटलं, नाही गं राणी, ही नाही. तर तिने विचारलं, "मग कुठली?" मी इकडे तिकडे बघितलं. दाखवू काय? तो कान दाखवू? मी गप्प बसले आणि माझ्या गप्प बसण्याचा तिने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तेव्हापासून पिवळी बाई उशीखाली झोपते. जेवताना पोर तिलाही घास भरवते. तिचा बाप पोर्ट हार्कोर्टहून आला होता, त्यालाही तिने दाखवली. तो बाहेर जाऊन बराच वेळ मोटारसायकल पुसत बसला.

पोरीला आई आठवत नाही असं नाही. वास आठवतो, गाणं आठवतं, पाठीला बांधून नाचायची ते आठवतं. चेहरा पुसत चाललाय. त्या जागी ती परकी बाई येऊन बसतेय आणि मी नुसती बघतेय.

तुझ्या आत्याचं म्हणणं, लाकडाची बाहुली कोरून घेऊ, जुळ्यांतलं एक गेलं की पूर्वी घ्यायचे तशी. तिला न्हाऊ घालायचं, कपडे करायचे, दोघींचं जेवण वाढायचं. बाबा चर्चचे, ते ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या दोघांत महिनाभर धुसफूस चालली आणि मी मध्ये. मला एकाचंही चूक वाटत नव्हतं आणि एकाचाही आधार वाटत नव्हता. बाहुलीला तिचा चेहरा कुठे असणार?

तुला ओयेदेजींच्या घरातला फोटो आठवतो? बाहेरच्या खोलीत, रेडिओच्या वर. पांढऱ्या झग्यातल्या दोन जुळ्या मुली, हातात हात. अलामूच्या वडिलांनी काढलेला. तुम्ही तेव्हा चौथी-पाचवीत असाल. सगळे पाहुणे बसलेले आणि आपली तायवो फोटोजवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "या दोघींना एकाच गुडघ्यावर एकसारखी पट्टी कशी?" मी तिला असा चिमटा काढला. आणि ओयेदेजींच्या आई एवढंच म्हणाल्या, "दोघी एकदमच पडल्या होत्या, बाळ," आणि उठून तुमच्यासाठी बिस्किटं घेऊन आल्या. घरी येताना मी तुम्हाला सांगितलं, की त्यांची एक मुलगी फार आधीच लागोसला गेली होती. तायवो वाटभर आपला गुडघा चाचपत होती. तू मात्र माझा हात सोडायला तयार नव्हतीस.

आता कॅमेरा घेतलास की काय करायचं ते लिहिते. हे सगळं तिचंच आहे, मी नुसती पुढे सांगतेय. पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहू नकोस. आपल्या माणसाला पांढऱ्यासमोर उभं केलं की कॅमेरा बावचळतो, भिंत उजळ आणि चेहरा काळाठिक्कर, डोळेच नाहीत. तपकिरी नाहीतर निळा पडदा मागे असू दे. फ्लॅश बंद ठेव, जवळून मारला की कपाळ आणि नाक तेलकट चमकतं. दिवसा खिडकीजवळ बस. तिकडे ऊन नसतं म्हणतेस, ढगाचा उजेड उलट चांगला. मांडीवर पांढरी चादर पसर, ती फोटोत येऊ देऊ नकोस. तिचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो. लग्नात तायवो नवरीपुढे टेबलावरचं कापड धरायला लावायची आणि लोक हसायचे, पण फोटो बघून आमचाही तसाच काढ म्हणायचे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीवर ठेव. बटण आधी अर्धंच दाब, त्याने चेहरा नीट धरला की मग पूर्ण. आणि तो टिकटिक करून वाट बघायला लावतो, तेव्हा श्वास कोंडून बसू नकोस. तू नेहमी कोंडतेस. "कॅमेरा काय सुई टोचणार आहे का तुला?" असं ती ओरडायची ना तुझ्यावर? आणि तू हसलीस की तोंडावर हात.

गेल्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर मला राहवेना. दुपारी दुकानात बसले होते, मोरेनिके गठ्ठ्यांमागे खेळत होती. एक बाई आली. कापड बघायला आली असं वाटून मी दोन थान उलगडलेही. ती म्हणाली, "मी इलोरिनची रिसिकात. त्या लग्नाला आले होते. फोटोवाल्या मुलीचं मला आत्ता कळलं. माझा एक फोटो राहिला असेल तर..." मी वर बघितलं. फेटा आज साधा होता, पण चेहरा तोच. पंखा धरलेला हातही तोच. मी काही बोलायच्या आत पोर गठ्ठ्यांमागून बाहेर आली. थबकली. आणि धावत जाऊन तिच्या कमरेच्या कापडाला मिठी मारली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आलीस?"

ती बाई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. तिला बिचारीला काय कळणार? पण चार पोरांची आई असावी, तिने पोरीला ढकललं नाही. खाली वाकली, डोक्यावरून हात फिरवला, आणि मला डोळ्यांनीच विचारलं, काय करू? मला तरी कुठे माहीत होतं? शेजारच्या दुकानांतली एकेक बाई येऊन उभी राहिली. शेवटी मीच ती बोटं सोडवली, एकेक. सोडवताना पोर माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिच्या आईला घालवून देतेय. रिसिकात जाताना म्हणाली, फोटो राहू द्या तुमच्याकडे, मला नको. आणि बाजाराच्या टोकापर्यंत मागे वळून बघत गेली. तेव्हापासून मोरेनिके माझ्या हातचं नीट जेवत नाही. सकाळी उठली की दुकानाच्या दारात बसते आणि इलोरिनच्या बसमधून उतरणारी माणसं बघते. मी तिच्या शेजारी जाऊन बसते. दुसरं काय करू?

आता ब्लाउजचं सांगते. तुम्ही जन्मलात तेव्हापासून मी एकीचं कधी काही शिवलं नाही. परवा शिंप्याने सवयीने दोन कापायला घेतले, मी म्हटलं एकच. फेटे मात्र दोन आहेत, नीट बघ, दुसरा तळाशी आहे, निळा. केहिंदे, तो ब्लाउज घालून तू तुझे दोन फोटो काढ. एक हिरव्या फेट्यात, खुर्चीच्या डाव्या बाजूला सरकून, तू बसतेस तशी. दुसरा निळ्या फेट्यात, उजव्या बाजूला, तोंडावरचा हात काढून, ती हसायची तशी. अलामू दोन्ही शेजारी शेजारी जोडून देणार आहे, त्याच्या वडिलांनी ओयेदेजींना दिले होते तसे. त्याला मागे वेगळं काही नको, पडदा तोच, उजेड तोच, पण बाकी काही सारखं राहू देऊ नकोस, कानातले बदल, मान बदल. एकाच गुडघ्यावरची पट्टी नको, मोरेनिके लगेच पकडेल. खोलीत एकटीच असशील म्हणून ती आपोआपची सोय मागितली. हे तुला दुसऱ्या कुणासमोर करायला मी कशी सांगू? मी काय मागतेय ते मला कळतं. ती माझी लेक होती, पण तू तर तिच्याशेजारी नऊ महिने झोपलेलीस. तूच तिला आधी पाठवलंस, जग कसं आहे ते बघून ये म्हणून, आणि तिने रडून कळवल्यावर मागून आलीस, म्हणून तू थोरली. थोरलीलाच सांगू शकते. जमणार नसेल तर नाही म्हण, मी एका शब्दाने विचारणार नाही. मोरेनिकेसाठी मागतेय असं मी आत्यालाही सांगितलंय, बाबांनाही सांगितलंय, आणि ते खोटं नाही. पण आता लिहितेच. हल्ली मी डोळे मिटून तिला आठवायला जाते आणि प्रत्येक वेळी तोंडावर हात ठेवून हसणारी येते. ती तू आहेस. मी आई असून मला ती सापडत नाही. ती कशी हसायची ते आता फक्त तुझ्या चेहऱ्याला माहीत आहे, बाळा. एकदा मला दाखव.

तुम्हा दोघींचीच,
आई